उद्याला ठेवलेला प्रश्न

साडेपाच वाजले की विनोदिनीबाई फोन पुढ्यात घेऊन बसत. चहा झालेला, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. आता फोनवर कोण केस बघतंय? पण बाईंना कोण सांगणार! उभा जन्म महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला, गबाळं बसणं त्यांना खपतच नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगून ठेवलं होतं की सहावी ते आठवीच्या कुठल्याही मुलानं इंग्रजीत काही अडलं तर संध्याकाळी खुशाल फोन करावा. सुरुवातीला काय झुंबड! दासगावचा एक पोरगा नामाआधी ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे यावरून रोज हुज्जत घालायचा. मग एकेकाच्या घरी उत्तरं सांगणारं ॲप आलं. ते म्हणे चिडत नाही. बाई चिडायच्या. झालं, पोरं गेली. बाईंचे यजमान शरदराव त्याच्या आधीच गेले होते. मुलगा आमोद कॅनडातून रविवारी फोन करून ‘जेवलीस का’ विचारायचा. जेवले रे बाबा. पुढे काय?

उरली एकटी तेजश्री. पोलादपूरजवळच्या उमरठची, सातवीतली. आई-बाप आणि धाकटा भाऊ मुंबईत एवढ्याशा खोलीत, म्हणून ही आजोबांकडे. घरात रेंज नाही, तेव्हा आजोबा, म्हणजे भागोजी, आपला फोन घेऊन तिला रोज वरच्या माळावर न्यायचे आणि तिचं होईपर्यंत बाजूला दगडावर बसून राहायचे. बाईंनी या दोघांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण पोरीला सर्दी झालीय की ती रडून आलीय, हे त्यांना आवाजावरून बरोबर कळायचं.

बाईंची शाळेपासूनची एक पद्धत होती. सगळे प्रश्न सोडवायचे, एक मात्र उद्याला ठेवायचा. “रात्रभर डोक्यात घोळू दे, उद्या सांगते.” शाळेत ही युक्ती छान चालायची. आता मात्र तिचा फायदा बाईंनाच जास्त होता. प्रश्न उरला की उद्या फोन येणार, हे नक्की. त्यांना स्वतःला हे कळत होतं बरं का! पण कबूल करतील तर त्या विनोदिनीबाई कसल्या.

आणि मग बातमी आली. तेजश्रीच्या बापानं, राजेशनं, जरा मोठी खोली घेतली होती. लेकीला तिकडच्या इंग्रजी शाळेत आठवीला घालायचं म्हणत होता. शाळा आधी इंग्रजीची परीक्षा घेणार, निकाल त्याच दिवशी. पास झाली तर प्रवेश, नाहीतर पुन्हा उमरठ.

“बाई, आई बोलली पास हो, मंग माझ्याजवळच झोपायचा रोज,” तेजश्री म्हणाली.

बाईंनी उगीचच जोरात खोकून घेतलं. पोरीसाठी आनंद झाला आणि आता साडेपाचला कोणाचा फोन येणार हेही मनात आलं, दोन्ही एकदमच.

शाळेनं तयारीला एक इंग्रजी गोष्ट दिली होती. एक म्हातारा नावाडी असतो. नदीवर पूल होतो, उतारू बंद होतात, तरी हा रोज संध्याकाळी रिकामी होडी घेऊन पलीकडे जाऊन येतो. गोष्टीखाली प्रश्न, परीक्षेत हेच येणार. बाईंनी जीव तोडून शिकवलं. ‘डिड’च्या मागोमाग ‘वेंट’ आलं की फोनमधून ओरडल्या, पुन्हा पुन्हा वाक्यं करून घेतली. शेवटच्या संध्याकाळी एकच प्रश्न राहिला, सगळ्यात जास्त गुणांचा: कोणी नसताना नावाडी पलीकडे का जातो?

“हा उद्याला,” बाई म्हणाल्या.

“पन बाई, उद्या सकाली तं मी पप्पांबरोबर—” आणि रेंज गेली.

सवयीनं तोंडातून निघालं म्हणावं, तर तसं नव्हतं. उद्या पोर बसमध्ये असणार हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. क्षणभर, अगदी एक क्षणभर, त्यांना वाटून गेलं होतं की अडेल एका प्रश्नाला, येईल परत उमरठला. शी! फोन हातात धरून बाई गोरीमोरी होऊन बसल्या. परत लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. राजेशचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. आईजवळ झोपायला निघालेल्या लेकराच्या वाटेत आपण आडवे आलो, आपण, शिकवणारी बाई! त्या रात्री त्यांनी पान वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

पोलादपूरहून मुंबईला जाणारी गाडी महाडला थांबतेच. सकाळी बाई इस्त्रीची साडी नेसून एसटी स्टँडवर हजर. पोलादपूरकडून गाडी आली की खिडकीखिडकीखाली जाऊन “तेजश्री! तेजश्री आहे का गं कोणी?” एक कंडक्टर वैतागला, “आजी, गाडी निघतेय, बाजूला व्हा.” बाई त्याच्यावर खेकसल्या, “मग जरा थांबेल!” दुसऱ्या गाडीत नाही, तिसऱ्या गाडीत नाही. घसा बसायला आला.

“बाई?”

चौथ्या गाडीच्या मागच्या खिडकीतून एक सावळी पोर बाहेर वाकली होती. चेहऱ्यावरून ओळखायचा प्रश्नच नव्हता. दोघींनी एकमेकींना आवाजावरून ओळखलं.

“अगं, तो प्रश्न राहिला ना आपला!” बाईंना धाप लागली होती. “ऐक नीट, नावाडी पलीकडे जातो कारण...”

“कारन पलीकडना कोनी हाक मारली आनि आपन नसलो तं?” तेजश्री म्हणाली. मग तेच तिनं इंग्रजीत म्हणून दाखवलं. एक चूक नाही.

बाई बघतच राहिल्या. “तुला येत होतं?”

“हां बाई. उद्याला ठेवलेले सगलेच येयाचे.” पोर लाजली. “पन मी नाय बोलायची. फोन करायला काय तरी नको?” तिचे डोळे भरले. “बाई, ह्यो पन ठेवू? नाय लिवत मी. पास नाय झाली तं...”

बाईंनी एक हो म्हटलं की झालं असतं. साडेपाच वाजले असते, फोन वाजला असता.

“खबरदार!” त्या वर्गात ओरडायच्या तशाच ओरडल्या. “सगळे लिहायचे. एकही उद्याला ठेवायचा नाही. कळलं?”

“हो बाई.”

गाडी निघाली. खिडकीतला हात हलत राहिला. बाईही हात हलवत राहिल्या, गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी साडेपाचला बाई बसल्या. चहा झालेला, केस विंचरलेले. फोन गप्प. सहा वाजले. फार एकटं वाटत होतं त्यांना, रडावंसं वाटत होतं, आणि आपणच ‘एकही ठेवू नको’ म्हणालो तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवा लावायला उठल्या आणि फोन वाजला.

“बाई, मी भागोजी. पोरीचा आजा.” इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच बोलत होते. “राजेशचा फोन आलेला. पोर पास झाली. सगला लिवला म्हनं.”

“छान झालं हो! फार छान झालं.”

“व्हय, छानच झाला.”

माळावरचा वारा फोनमध्ये घुमत होता. बाईंनी विचारलं, “भागोजीबाबा, एवढंच सांगायला माळावर चढलात?”

“नाय. त्यो तं दुपारीच आलेला फोन, पोलादपूरला बाजारात व्हतो तवा. आता पाय आपसूकच वर आलं. घरात करमत नाय. बाई, यक इचारू? पोर घोकायची, माला इंग्रजी काय कलायचा नाय. त्यो नावाडी रिकामी होडी घेवन कशाला जायचा वो?”

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“उद्या सांगते,” त्या म्हणाल्या.

“बरा,” भागोजी म्हणाले. “उद्या येतो.”