मांजराची खिडकी

एल्सीराबाईंना सभेत बोलायचंच नव्हतं. देवाशपथ नव्हतं! शनिवारी अन्सेल्मो इरिगाराय टोपी हातात धरून त्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हाच त्यांनी त्याला शब्द दिला होता.

"बाई, सोमवारी वारसा समितीत आमच्या दुकानाचा ठराव येतोय," तो म्हणाला. केस पिकले, तरी बाईंपुढे तो चौथीतल्या पोरासारखाच उभा राहायचा. "एकदा वारसा म्हणून नोंद झाली की भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही. दुकान विकत घेणाऱ्या औषधवाल्या कंपनीला तर सगळं पाडून नवं बांधायचंय. नोंद झाली की ते लोक चालले."

"आणि तुम्ही दोघं नवरा-बायको?"

"ओफेलियाच्या गुडघ्यांना दुकानावरच्या माडीचा जिना झेपत नाही. थंडी पडल्यापासून बिचारी माडीवरून खाली उतरलेली नाही. दुकान विकून नेउकेनला लेकीपाशी जाऊ म्हणतो. नातू रांगायला लागला, बाई, आणि आम्ही त्याला अजून फोनमध्येच बघतोय."

"मी विरोधात हात वर करीन. जा, निवांत झोप."

बाईंनी त्याला येर्बाच्या पानांचा कडू काढा पोकळ वाळक्या भोपळ्यातून दिला. दोनदा पिऊन त्याने "आभारी आहे" म्हणत भोपळा परत केला. सान एमेतेरियो गावात हे शब्द पुरे झालं म्हणूनच उच्चारायचे. ते कानावर पडेपर्यंत घरधनी भरत राहतो.

समितीतले बाकी झाडून सगळे शाळेत बाईंच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे बाईंचं मत म्हणजे नुसतं एक मत नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, खोटं कशाला बोला!

सोमवारी ला प्लाताहून एक तरुण वास्तुतज्ज्ञ आला. दुकानाचा छाटलेला कोपरा, उघड्या विटा, गुत्त्याचे लोखंडी गज, अशी चित्रं तो भिंतीवर दाखवत होता आणि वाचल्यासारखं रटाळ बोलत होता. लोक जांभया देत होते. अध्यक्ष निकानोरचं तर दोनदा घड्याळ बघून झालं. ठराव आपल्या मरणानेच मरणार होता. बाई तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या.

"आणि दुकान नि गुत्ता यांच्या मधल्या भिंतीतली ही छोटी खिडकी," तो म्हणाला, "बहुधा मांजरासाठी ठेवली असावी."

"मांजरासाठी?"

बाई उठल्यासुद्धा. जित्याची खोड! जन्मभर चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ ओढलेली बाई, ती चूक कानाआड कशी करणार?

"अहो शहाणे, भिंतीच्या अलीकडे तेल-साखर, पलीकडे दारू. बायका गुत्त्यात पाऊल टाकत नसत. जेवण निवायला लागलं की आई पोराला पुढे करायची. पोर त्या खिडकीतून हात घालून बाकड्यावरच्या बापाचा कोट ओढायचं. मांजर म्हणे! खालची कड बघितलीत का? पोरांच्या कोपरांनी झिजलीय ती. त्यात माझंही कोपर आहे."

इथे थांबायचं होतं, पण थांबतात कसल्या! बापाच्या कोटाला येणारा तंबाखूचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास त्यांनी सांगितला. निकानोरचा आजा बाकड्याच्या पाठीला नुसता कोट अडकवून दूर जाऊन बसायचा आणि पोर रिकामाच कोट ओढत बसायचं, तेही सांगितलं. सभा खदखदून हसली. निकानोरने डोळे पुसले. "आख्खं गाव त्या भोकातून घरी जेवायला आलंय," असं म्हणून बाई खाली बसल्या आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या ऐकल्या तेव्हा कुठे बाईंना शनिवारचा शब्द आठवला.

"ठरावाच्या बाजूने?" निकानोरने विचारलं. भराभर हात वर झाले.

"विरोधात?" बाईंचा एकटीचा हात.

"काय हो बाई," निकानोर हसत म्हणाला, "अजून आमची परीक्षा घेताय होय?"

"परीक्षा कसली रे! त्या माणसाला जायचंय इथून..."

"जाईल हो, मिळेल दुसरं गिऱ्हाईक." ठराव मंजूर झाला.

रात्रभर बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्या इरिगारायांच्या माडीचा जिना चढल्या. कठडा धरून धापा टाकत चढताना त्यांना त्या गुडघ्यांची गोष्ट नीट कळली. वर ओफेलिया खुर्चीत बसून, खोक्यात बांधलेल्या बशा वर्तमानपत्रातून सोडवत होती. अन्सेल्मो त्या परत फळीवर लावत होता.

"मी विरोधात हात वर केला होता रे," बाई म्हणाल्या.

"कळलं बाई. तुमचा एकटीचाच होता म्हणे." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "बोललात मात्र फार सुंदर म्हणे. निकानोर सांगत होता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, अन्सेल्मो. बसवलं नाही मला गप्प." मग घाईघाईने म्हणाल्या, "माझं घर बैठं आहे. एक पायरी नाही. दोघंही राहायला या. आजच या."

ओफेलियाने हातातली बशी मांडीवर ठेवली. "बाई, तुमच्या घरात माझा नातू आहे का?"

अन्सेल्मोने येर्बा भरली, किटलीतलं पाणी ओतलं आणि भोपळा बाईंपुढे धरला. बाई प्यायल्या. त्याने पुन्हा भरला. त्या पुन्हा प्यायल्या. त्यांना उठायचं होतं, पळत खाली जायचं होतं, पण उठायचं तर आधी "आभारी आहे" हे दोन शब्द म्हणायला हवे होते. कुठल्या तोंडाने म्हणायचे?

पानांचा कडूपणा केव्हाच उतरला होता. बाईंनी मुकाट्याने रिकामा भोपळा पुढे केला. किटली संपली तेव्हा अन्सेल्मो उठला आणि पाणी तापवायला आत गेला.