खोबरेल प्यायलेला चाकू

मित्रांनो, लाकडी मुठीचा एक जुना घडीचा चाकू आज तुमच्याशी बोलतो आहे. जुना म्हणा, पण गंजका म्हणू नका हं, मला राग येतो!

सन चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला रावजी मुंबईच्या गोदीतून देवरूखजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा त्याने मला बायकोसाठी, सोनूबाईसाठी आणले. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! नुसते नख लावले की पाते अलगद बाहेर यायचे आणि 'टक्' करून जागेवर बसायचे. मिटतानाही तोच डौल. अख्खी वाडी मला उघडून-मिटून बघत होती. फक्त रावजीचा चुलतभाऊ महिपत नाक मुरडून म्हणाला, "वैनी, तुला चाकू कशाला गो? इळा हाय ना घरात!"

सोनूबाईने मला कमरेला खोचले. कैऱ्या चिरणे, सुतळ्या कापणे, गवताच्या भाऱ्यांचे बंद तोडणे, सगळी कामे माझी झाली. रोज संध्याकाळी ती डोक्याला लावायचे खोबरेल मलाही पाजायची. लाडाने इतके पाजायची की मी आतून तेलाने भरून जायचो. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी गोठ्यातून धडपड ऐकू आली. गाभण पाडी चंद्री खुंट्याभोवती फिरून दाव्यात अडकली होती. दावे मानेत रुतले होते, जीभ बाहेर आली होती. सोनूबाईची किंकाळी ऐकून महिपत विळा घेऊन धावला.

"इळा नको! मान कापल तिची!" सोनूबाई ओरडली आणि तिने मला बाहेर काढले. पण थंडीने माझ्या पोटातले खोबरेल थिजले होते. तिचे नख सटकत होते. मी जीव खाऊन जोर लावला, तरी पाते हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"म्हनलं हुतं ना मी!" महिपत म्हणाला.

सोनूबाई मला घेऊन चुलीकडे पळाली. तिथे आंघोळीचे पाणी सणसणीत तापले होते. तिने मनगटापर्यंत हात त्यात घातला. हात भाजला, पण मला तिने सोडले नाही. तेल वितळले आणि मी उघडलो. टक्! धावत येऊन तिने माझे बारीक पाते दाव्याखाली सरकवले आणि एकच ओढ दिली. दावे तुटले, चंद्रीने मोठा श्वास घेतला. आनंदाने मी नुसता चमकत होतो!

तेव्हापासून सोनूबाई मला तेलाचा एकच थेंब देते आणि फडक्याने पुसून घेते. मित्रांनो, आपल्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना सोसेल एवढीच करा.

पुढच्या शिमग्याला रावजी आला, तेव्हा चंद्री नुकतीच व्यायली होती. घरात खरवस शिजला. सोनूबाईने त्याच्या वड्या विळीवर नाही, माझ्या पात्याने पाडल्या. पहिली वडी तिने महिपतच्या हातावर ठेवली. तो खाली बघत म्हणाला, "वैनी, दादाला सांग, फुडल्या खेपेला माज्या बायकोलापन असाच एक आन म्हनून."