कबरस्तानालगतचे चाळीस हात

तोरू-बुलाक गावात नळ आला आणि एकोणीस दिवसांत गेला. त्या एकोणीस दिवसांत साबिरा इतकी खुशीत होती, की तिने सुनेच्या पाण्याच्या दोन्ही कॅनना तळाशी खिळ्याने भोकं पाडली, त्यांत माती भरली आणि जिरेनियमची रोपं लावून खिडकीत मांडली. "आता यांचं दुसरं काय काम?" हे शेजारणींना ऐकवायलाही ती विसरली नाही. शेजारणी अशा गोष्टी बऱ्या लक्षात ठेवतात.

साबिराने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर गावाच्या पाणी समितीची अध्यक्ष होण्याची उठाठेव तिने केली ती सुनेपायी. दोन हिवाळ्यांपूर्वी ऐझिरेक पाटावरून पाणी आणताना बर्फावर घसरली आणि पाच महिन्यांचं पोट रिकामं झालं. तिचा नवरा, साबिराचा मुलगा, मॉस्कोत बांधकामावर. तो फोनवर रडला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दवाखान्यातल्या खाटेशी बसून साबिराने शब्द दिला होता, "पुन्हा दिवस राहिले तर तुला पाटावर जाऊ देणार नाही. दारात नळ आणीन."

सरकारने परदेशी बँकेकडून कर्ज काढून ते गावोगावच्या पाण्यासाठी द्यायला घेतलं होतं. खर्चाचे तीन हिस्से कर्ज, ते गावाने वीस वर्षं पाणीपट्टीतून फेडायचं. चौथा हिस्सा गावाने अशार करून भरायचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं. पहिल्या हप्त्यात पिण्याचा नळ. तो नीट चालला तर दुसऱ्या हप्त्यात शाळेच्या आणि दवाखान्याच्या सांडपाण्याची गटारं. सध्या ते सांडपाणी ज्या पाटात उतरायचं, त्याच पाटाचं पाणी खालची आळी प्यायची.

अशारच्या रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने आपल्या दारापुढचा चर खणला. ज्यांची माणसं रशियात, त्यांचा चर भाऊबंदांनी खणला. राहिले ते कबरस्तानालगतचे चाळीस हात. तिथे कुणाचंच दार नव्हतं, म्हणून शेवटच्या दिवशी सगळे तिथे जमले. कमरेइतकं खणून झालं आणि फावड्याबरोबर एक कवटी वर आली. तिच्या शेजारी दुसरी, लहान मुलाची.

"झाका," अक्सकाल दोरोनबेक म्हणाला. गावातला सगळ्यांत वडील माणूस, त्याच्यापुढे कुणाचा आवाज चढत नसे. "उर्कुनच्या साली, बंडानंतरच्या कत्तलीत, पळून गेलेली आणि चीनच्या वाटेवरून उपाशी परतलेली माणसं ही. जिवंतपणी यांना कुणी थारा दिला नाही. आता तरी पडू द्या."

"अक्सकाल, आपल्याकडे जमीन सव्वा मीटरपर्यंत गोठते," साबिरा म्हणाली. "पाइप वर ठेवला तर फुटणार."

"मग वळव की."

"वळवायचा तर नवा नकाशा, नवी मंजुरी. तीस नोव्हेंबरला हप्त्याची मुदत संपतेय. आज बावीस."

"मास्तरीणबाई, तीस वर्षं पोरांना उत्तरं सांगितलीस. हे एक मला जमायचं नाही, ते तूच शोध." म्हाताऱ्याने दुवा केली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळवे फिरवले.

उत्तर बायकांनी शोधलं. घराघरांतून जुने नमदे, लोकरीचे जाड थर, निघाले. याच नमद्याच्या तंबूत आपले आजे-पणजे थंडीत जगले, मग एक पाइप जगणार नाही? नमदा अंगातली ऊब धरून ठेवतो आणि पाइपाला अंगची ऊब नसते, हे साबिराला कळत होतं. सातवीच्या पोरालाही कळलं असतं. पण नवरा सुट्टीवर येऊन गेला होता आणि ऐझिरेकला तेव्हा तिसरा महिना होता. नमदे गुंडाळून पाइप गुडघाभर खोल गाडला गेला आणि साबिराने अहवालात सबंध लांबीला 'दीड मीटर' लिहून खाली सही ठोकली. तपासणीला आलेल्या इंजिनियरने बुजलेला चर पाहिला, मटणाचं बेशबर्माक हाणलं आणि तोही सही करून गेला.

जानेवारीत नळ कोरडे पडले. वरच्या टाकीपाशी गोठलं असेल असं सगळ्यांनी धरलं, आणि वाहतं राहिलं तर लवकर सुटेल म्हणून टाकीची झडप उघडीच ठेवली. पाइप फुटला होता तो कबरस्तानापाशी, आणि बर्फाखाली पाणी दोन महिने वाहत होतं. मार्चात नूरूझच्या सणाच्या सुमाराला बर्फ वितळलं तेव्हा कबरस्तानाच्या त्या अंगाच्या अकरा कबरी खचलेल्या दिसल्या. त्यांत साबिराच्या नवऱ्याचीही होती. ट्रॅक्टरला टाकी जोडून तो जन्मभर गावाला पाणी पुरवत होता. साबिरा त्या खड्ड्यापाशी उभी राहिली आणि तिला रडूही आलं नाही, नुसती शरम वाटली.

आठवड्याने नुरदीन नावाचा नवा इंजिनियर चौकशीला आला. निम्मं गाव कबरस्तानाच्या कुंपणाशी गोळा झालं.

"एजे, कागदावर दीड मीटर आहे," तो साबिराला म्हणाला. "तेवढा खोल असेल तर दोष पाइपाचा. दुरुस्ती आमच्याकडे लागली. फक्त खणून फोटो काढू."

दोरोनबेक काठी टेकत पुढे झाला. "इथे फावडं लागणार नाही. आधीच मेलेल्यांना बुडवलंय."

"मग मी लिहू काय, अक्सकाल?"

सगळे साबिराकडे बघत होते. खरं सांगितलं तर माणूस माणसासाठी काहीतरी वाट काढतो, असं तिला अजून वाटत होतं.

"गुडघाभर आहे," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं."

नुरदीनने वही मिटली. तो रागावला नाही, तेच वाईट. "एजे, हे माझ्या कानावर घालायला नको होतं. आता पाइप वळवायचा तो गावाने, स्वतःच्या खर्चाने. गटारांचा हप्ता थांबला. आणि पाणीपट्टी पहिल्या तारखेपासून भरावी लागेल."

"न येणाऱ्या पाण्याची?"

"पाण्याची नाही. कर्जाची."

"घ्या!" शेजारची गुलबारा मागून कडाडली. "बाईसाहेबांच्या कॅनमध्ये फुलं, आमच्या पोरांच्या पोटात जंत! आता पुन्हा बोलवा अशारला, बघू कोण कुत्रं येतंय!"

गर्दी पांगली. दोरोनबेक तेवढा थांबला. "मलाही तिथेच झोपायचंय, मास्तरीणबाई," तो खचलेल्या कबरींकडे बघत म्हणाला. "ओल्यात." आणि तोही गेला.

साबिराचं कंबरेचं हाड दुखावलेलं, पाटाचा उतार तिला झेपत नसे. जानेवारीपासून गुलबाराची मुलगी रोज दोन बादल्या दारात ठेवून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही. उन्हं वर आली तरी आली नाही. चहाच्या किटलीत तळाशी गाळ उरला होता.

ऐझिरेक सातव्या महिन्याचं पोट सावरत खिडकीशी गेली. दोन्ही कॅन उचलून तिने रोपं मातीसकट बाहेर ओतली.

"थांब, मी जाते," साबिरा म्हणाली.

"अपा, बसा तुम्ही. पडलात तर दोघींचं मलाच करावं लागेल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जुन्या नमद्याचे तुकडे फाडून तिने भोकांत बोळे कोंबले आणि ती निघाली.

परत येताना दोन्ही कॅन ठिबकत होते. सावलीतली वाट अजून गारठलेली होती. थेंब पडत तिथेच गोठत आणि पाटापासून दारापर्यंत बर्फाची एक बारीक चकचकीत रेघ उमटत होती. अर्धे कॅन घेऊन ऐझिरेक दारात पोचली, पाणी पिंपात ओतलं आणि दुसऱ्या खेपेला वळली.

साबिराने चुलीतली राख टोपल्यात भरली आणि भिंतीला धरून बाहेर आली. सुनेच्या पुढे जाऊन, तिचा पाय घसरू नये म्हणून, ती वाकून रेघेवर राख टाकू लागली. फाटकापर्यंत पोचली तोच राख संपली. ऐझिरेक तिच्या बाजूने खाली उतरत गेली.