अकरा वाजता नानेकडे

व्हेनिसमध्ये पर्यटकांना भाड्याने दिलेल्या चार घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. पाहुणे आले की किल्ली द्यायची, गेले की चादरी बदलायच्या. बावीस वर्षं हेच चाललंय. मार्चमध्ये मालकीण फावरेत्तोबाई म्हणाल्या, "मारिनेल्ला, पाहुण्यांसाठी एक पान लिही ना. पुस्तकातलं नको. तुझ्यासारख्या इथल्या माणसालाच ठाऊक असतं तसलं काहीतरी."

आधी मी वैतागूनच लिहिलं. गल्लीत उजव्या बाजूने चाला. पुलाच्या पायऱ्यांवर जेवायला बसू नका, त्या आमच्या जाण्यायेण्याच्या आहेत. चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आदळू नका, उचला. बोटीत चढल्यावर पाठीवरची पिशवी खाली ठेवा. वाचून पाहिलं तर नुसता दम भरल्यासारखं वाटलं. माझी मलाच लाज वाटली, म्हणून शेवटी एक खरी गोष्ट लिहिली: "आमच्या पुलापलीकडे नानेचा गुत्ता आहे. अकरा वाजता जा. उभ्याउभ्या छोटा पेलाभर वाइन घ्या, लोण्यासारखा फेटून पावावर लावलेला मासा खा. तिथे तीन म्हातारे गप्पा मारत असतात. खरं व्हेनिस ते."

त्या तिघांतले एक माझे बाबा, अल्वीझे. वय शहाऐंशी. आई गेली, डावा पाय ओढायला लागला, तेव्हापासून दिवसातून एकदाच घराबाहेर पडायचे, अकराच्या त्या पेल्यासाठी. पुलाच्या एकोणीस पायऱ्या चढायच्या, एकोणीस उतरायच्या. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "हे चालणं थांबलं की ते अंथरूण धरतील."

फावरेत्तोबाईंनी ते पान इंटरनेटवरही टाकलं. आणि लोक येऊ लागले. पहिले काही दिवस बाबा खुशीत होते. "काल एका पोरीने माझा फोटो काढला. या वयात!" असं सांगून स्वतःच हसायचे. मग त्या तिघांतला बोर्तोलो यायचा बंद झाला, त्याला गलक्यात ऐकूच येत नव्हतं. आत जागाच मिळेना, तेव्हा तिसरा, ऊगो म्हणाला, "रस्त्यात उभं राहून प्यायला मी काय घोडा आहे?" आणि तोही घरी बसला. बाबा एकटेच जात राहिले. मी सगळं बघत होते, पण ते पान मी लिहिलंय हे बाबांना सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये एके दिवशी बाबांचा पाय सुजला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. गुत्त्याच्या दारापर्यंत गर्दी होती. आतून नाने ओरडला, "अल्वीझे, पाचच मिनिटं थांब रे!" आम्ही वीस मिनिटं उभे होतो. शेजारी एक उंच जोडपं होतं, हातात कागद. त्यातल्या तरुणाने बाबांकडे बघून मला अदबीने इंग्रजीत विचारलं, "हे आजोबा त्या तिघांपैकीच का?"

"काय म्हणतोय गं हा?" बाबांनी विचारलं. "काय आहे त्या कागदात?"

बाबांना इंग्रजीचा गंध नाही. वाटेल ते सांगता आलं असतं. पण त्यांचा दंड मी धरला होता. मी कागद मागून घेतला आणि आमच्या भाषेत शेवटपर्यंत वाचून दाखवला.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

बाबांनी कागदाची नीट घडी घातली आणि तो त्या तरुणाला परत दिला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "पण खरी वेळ कशाला सांगितलीस, वेडे? एक वाजता या म्हणायचं. एकला आम्ही जेवायला घरी गेलेलो असतो."

"आजच बदलते, बाबा."

"बदल. चल आता, पाय दुखतोय."

भाड्याच्या घरांतलं पान मी त्याच दिवशी बदललं. इंटरनेटवरचं फावरेत्तोबाई काढेनात. "अगं, लोकांना तेच तर सगळ्यात आवडतं!" गर्दी हटेना, बाबांनी जाणं सोडलं. मी नानेकडून वाइनची बाटली भरून आणते. बाबा दोन घोट घेतात, "हे औषध झालं" म्हणतात आणि पेला बाजूला सारतात. ऑगस्टपासून ते पलंगावरून उठलेले नाहीत. एवढं सगळं मी चार ओळींत केलं.

काल चादरी बदलताना पाहुण्यांची वही चाळली. कुणीतरी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं: नानेकडचा मासा अप्रतिम. फक्त गप्पा मारणारे म्हातारे काही दिसले नाहीत.