गप्प राहणारा एस

मी एक जुना वायरलेस संच आहे. मालवण बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत माझी सतरा वर्षं गेली. मित्रांनो, कारखान्यात मला कान मिळाले, आवाज मिळाला, डोळे मात्र मिळाले नाहीत. त्यामुळे शब्द लिहितात कसा, ते मला ठाऊक नाही. तो बोलतात कसा, एवढंच कळतं.

पूर्वी दिवसभर बोटी मला हाका मारायच्या. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. सोसायटीत कारकून असलेली जोया तेवढी मला अधूनमधून पुसायची. तिचे वडील, तय्यब, बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख.

गेल्या नोव्हेंबरात भर दुपारी वारा फिरला. समुद्रात फोनला रेंज नव्हती. अचानक माझ्यातून तय्यबचा आवाज आला.

"जोया, इंजिन बंद पडला! बोटीत पाणी भरता. सात जण आसंव."

"खंय आसात, अब्बा?"

"निवतीसमोरच्या बेटाच्या उत्तरेक!"

किनाऱ्यावरून मदत निघाली, पण पोहोचायला दीड तास लागणार होता. त्या बेटाजवळून चाललेल्या एका परदेशी जहाजाचं बोलणं मला ऐकू येत होतं. जोयाने माझा माइक उचलला आणि समोरच्या नकाशावरचा बेटाचा इंग्रजी शब्द, मला नंतर कळलं, जसा लिहिला होता तसा वाचला.

"बोट सिंकिंग! नॉर्थ ऑफ इस्लंड!"

जहाजावरच्या अधिकाऱ्याला वाटलं, ते बोटीचं नाव आहे. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "व्हेअर? व्हेअर?"

"इस्लंड! इस्लंड!" जोया ओरडत राहिली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या रोझाबाई धावत आल्या. त्या निवृत्त शिक्षिका.

"गो, तो एस वाचू नको! लिवतत, पण बोलनत नाय. आयलंड!"

"आयलंड! नॉर्थ ऑफ आयलंड!"

"आयलंड! ओके, कमिंग!"

पंचवीस मिनिटं कोणी बसलं नाही. तय्यबचा आवाज बारीक होत चालला. मग जहाज ओरडलं, "टेल देम, क्लाइम! क्लाइम!"

जोया गोंधळली. क्लाइम म्हणजे काय? क्षणभराने ती दचकली. आजवर ती 'क्लाइंब' असं वाचत आली होती. इथे 'बी' हे अक्षर गप्प!

"अब्बा, जहाजाची शिडी धरा! वर चडा!"

नुसती खरखर. मला स्वतःचाच राग आला.

आणि मग, "सेव्हन मेन ऑन बोर्ड. ऑल सेफ."

जोया खाली बसून रडली. रोझाबाईंनी तिला जवळ घेतलं. "तुका शाळेत कोणी सांगूक नाय?"

"एकदा वर्गात चुकलंय, बाई. सगळे हसले. मग मोठ्यान वाचूकच नाय."

दुसऱ्या दिवशी लोकांनी मला हार घातला, खूप कौतुक केलं. महिन्याभरात पुन्हा धूळ बसली. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी चुकीचं वाचलं, तर हसू नका. हळूच बरोबर काय ते सांगा. जोयाच्या वर्गातलं ते हसू सात जणांच्या जिवावर बेतणार होतं.