मोरपंखी मुद्देमाल

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. खिडकीला जाड जाळी आहे. भिंतींना लागून छतापर्यंत लोखंडी मांडण्या आहेत. त्यांवर एक सायकल, एक शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, एकाच पायातला बूट, दांडा मोडलेली छत्री. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि गाठीवर लाखेचा लाल ठिपका. हे दुकान नव्हे, इथलं काहीच विकत मिळत नाही. ही अडगळही नव्हे, कारण यातल्या बऱ्याच वस्तूंची कुणीतरी घरी वाट पाहत असतं.

ही कोर्टातली मुद्देमालाची खोली. चोरीला गेलेली वस्तू पोलिसांना सापडली, की ती पुराव्यासाठी इथे येऊन पडते.

आता अगदी खालच्या मांडणीवर पाहा. कापडी पिशवी दिसली? तिच्यात अर्धवट विणलेला एक स्वेटर आहे. तो मुंगीचा.

मुंगी म्हणजे एक लहान मुलगी. चालायला लागल्यापासून ती घरात सतत काहीतरी ओढून नेत असायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिची आई आजारी होती. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकावर बसून ती मुंगीसाठी हा स्वेटर विणायची. एकदा तिला आत बोलावलं आणि तेवढ्यात बाकावरची पिशवी कुणीतरी लांबवली.

"मिळेल गं, लोकर खाऊन कुणाचं पोट भरतंय?" आई हसून म्हणाली होती.

पिशवी मिळाली. चोरही मिळाला. पण तोवर आई राहिली नव्हती.

मुंगीचे बाबा बेकरीत भट्टी सांभाळायचे. पिशवी मागायला ते कोर्टात गेले आणि हात हलवत परत आले. गोंधळ त्यांच्याच बोलण्याने झाला होता. तक्रार देताना त्यांनी सांगितलं होतं, 'निळा स्वेटर.' पोलिसांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हिरवी लोकर, विणकाम अपुरं.'

"तुमचा निळा, आमचा हिरवा," कारकून म्हणाला. "तुमचा पुरा, आमचा अपुरा. कसा देऊ, तुम्हीच सांगा."

बाबा घरी येऊन मुंगीजवळ बसले. "जाऊ दे ना, बाळा. आत्या नवा विणून देईल."

"नवा नको."

"अगं, तो अर्धाच आहे."

"अर्धाच हवाय."

आईच्या साड्यांच्या कपाटाकडे पाहणं बाबा स्वतः टाळत. पण मुंगीला त्याच कपाटात डोकं खुपसून बसलेलं त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भट्टी विझवून ते तिला घेऊन पुन्हा कोर्टात गेले.

या वेळी ते तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत शिरले. दारावर पाटी होती, 'मोफत कायदेशीर मदत.' वकील लावणं ज्यांना झेपत नाही, त्यांनाही न्याय मागता यावा म्हणून अशा खोल्या असतात, हे लक्षात ठेवा. आत वकीलताई बसल्या होत्या. टेबल डुगडुगत होतं, म्हणून त्यांनी एका पायाखाली पुठ्ठा सरकवला होता. बाबांचं सगळं ऐकून त्या मुंगीकडे वळल्या.

"आता तू बोल. रंग कुठला?"

"मोरपंखी."

"म्हणजे निळा की हिरवा?"

"मोरपंखी म्हणजे मोरपंखी!"

वकीलताईंना हसू आलं. "चला, म्हणजे बाबाही खोटं बोलले नाहीत आणि पोलिसही नाहीत. पण रंगावर भागायचं नाही गं. त्या रंगाचे स्वेटर आणखीही असतील. फक्त त्याच स्वेटरवर असेल अशी काही खूण आहे?"

"आहे. डाव्या..."

"थांब!" वकीलताईंनी हात वर केला. "मला नको सांगूस. नाहीतर म्हणतील, वकीलबाईंनी पढवून आणलं. न्यायाधीशांना सांग, आणि पिशवी उघडायच्या आधी सांग."

तारखेच्या दिवशी आत्याही आली आणि बाहेर बाकावर बसली. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं. साक्ष देणारं मूल असलं, की त्याला खरं-खोटं कळतं का, हे ते आधी पाहतात.

"खोटं म्हणजे काय, सांगशील?"

"सकाळी मी दूध मोरीत ओतलं आणि आत्याला म्हटलं प्यायले. ते खोटं."

"आणि हे आत्ताचं?"

"हे खरं. पण आत्या बाहेरच बसलीय, तिला सांगू नका."

न्यायाधीशांनी रुमाल नाकाला लावला. सर्दीमुळे की हसू लपवायला, ते कळलं नाही. "बरं. आता स्वेटरची खूण सांग."

मुंगीने एकदा टेबलावरच्या पिशवीकडे पाहिलं. "उजवी बाही पूर्ण आहे. डावी कोपरापर्यंतच आहे आणि ती अजून सुईवर आहे. तिच्यात एक भोक आहे. आई माप घेत होती, हात हलवू नकोस म्हणाली होती. मी हलवला. तिला धक्का लागला आणि टाका निसटला. आम्हाला ते नंतर दिसलं. मी म्हटलं, उसव. ती म्हणाली, राहू दे, शेवटी बुजवू."

कारकुनाने लाख फोडली, दोरा कापला. स्वेटर टेबलावर पसरला. खिडकीकडून निळा दिसत होता, दाराकडून हिरवा. डावी बाही कोपराशी थांबली होती आणि सगळे टाके सुईवर ओळीने बसले होते. सरकारी वकिलांनी बाही चाचपली. एका जागी त्यांची करंगळी आरपार गेली.

"आमची हरकत नाही," ते हळूच म्हणाले.

न्यायाधीशांनी निकाल समजावून सांगितला. स्वेटर मुंगीच्या बाबांच्या ताब्यात मिळेल. पण चोरावरचा खटला अजून चालू आहे. बोलावू तेव्हा तो जसा आहे तसा आणून दाखवायचा. पुढे विणायचा नाही, उसवायचा नाही, भोकही बुजवायचं नाही. बाबांनी सही केली.

"काही विचारायचंय?" न्यायाधीशांनी मुंगीला विचारलं.

"घातला तर चालेल?"

त्यांनी निकालाच्या कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "घालू नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सुई मात्र निसटू देऊ नकोस."

बाहेर आल्यावर आत्याने स्वेटर उलटसुलट करून पाहिला. "एवढंच राहिलंय होय! दोन संध्याकाळींचं काम. कोर्टाचं काय बाई डोकं..."

"नाही, आत्या," मुंगी म्हणाली. "जसा आहे तसा."

आत्याने पिशवी तिच्याकडे दिली. वाटभर मुंगीने ती छातीशी धरून ठेवली. बाबांनी "दे, मी घेतो," म्हटलं, तरी सोडली नाही.

घरी आल्यावर ती आईच्या कपाटाच्या आरशासमोर गेली. बाबांनी सुई सांभाळली, तिने डोकं घातलं. आई माप घेत होती तेव्हापासून ती वाढली होती. उजवी बाही मनगटाच्या वर थांबली. डावी कोपरापर्यंतसुद्धा पोचेना; ती दंडावरच संपली आणि सुई खाली लोंबत राहिली. भोकातून दंडाचा छोटासा तुकडा दिसत होता. तिने त्यावर बोट टेकवलं. लोकरीला कोर्टातल्या लाखेचा वास येत होता. तिने पुन्हा पुन्हा नाक लावून पाहिलं.

"काढूया का, बाळा?" बाबांनी विचारलं.

मुंगीने नाही म्हणून मान हलवली. मग तिने डावा हात बाजूला, खांद्याच्या रेषेत सरळ लांब केला, माप देताना धरायची तसा. आणि या वेळी तो मुळीच हलवला नाही.