विल्मेरतर्फे सही

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला विल्मेरचा फोन आला. विल्मेर माझा धाकटा भाऊ, दक्षिणेत मोकेग्वाच्या खाणीत कामाला. रजा मिळेना म्हणून त्याने मुखत्यारपत्र पाठवलं होतं. त्याच्या जागी उभं राहून त्याच्या ठरलेल्या नवरीशी, मेल्वाशी, त्याचं लग्न मी लावायचं होतं.

"दादा, सही करू नकोस."

"अरे, ती नगरपालिकेत जाऊन बसलीय!"

"इथे दुसरी आहे माझी. आणि आजारी बाईला जन्मभर... नाही जमणार मला."

"विल्मेर, तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. तुझी बायको झाली तरच तुझ्या विम्यातून डायलिसिस मिळेल. मरेल रे ती!"

"उद्या मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद पाठवतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

उद्या. आज तर मुखत्यारपत्र माझ्याच हातात होतं.

मेल्वाचे सुजलेले पाय बुटात मावत नव्हते, आईच्या चपला घालून बसली होती. मला बघून हसली. "भावोजी, नवरी मी आणि घाम तुम्हाला? पळून नका जाऊ हं!"

लग्न लावणाऱ्या नगराध्यक्षांनी विचारलं, "मुखत्यारपत्र अजून लागू आहे ना?"

"आहे," म्हणालो, आणि सही केली.

अकरा महिने तिला उपचार मिळाले. सूज उतरली, ती अंगणात बसून पुन्हा मडकी रंगवायला लागली. विल्मेरचा रद्द केल्याचा कागद मी चुलीत घातला होता. मग त्याने कोर्टात दावा लावला.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "सहीआधी भावाने नको म्हणून सांगितलं होतं?"

मेल्वा समोरच्या बाकावर होती. त्या फोनबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"दादा, आईची शपथ घे!" विल्मेर ओरडला.

मी घेतली. तेवढ्यात त्याच्या वकिलाने फोनच्या नोंदीचा कागद पुढे केला. आठ वाजून चार मिनिटं, बोलणं सहा मिनिटं.

"काय बोललात सहा मिनिटं?"

मी मेल्वाकडे पाहिलं.

लग्न रद्द झालं. बाहेर मेल्वा जिन्याच्या पायरीवर बसली. "मला सांगायचंत तरी, भावोजी."

"सांगितलं असतं तर केली असतीस सही?"

"केली असती," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून रडायला लागली.

विमा बंद झाला. मी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचे पाय धरले. त्यांनी यादीत नाव घातलं, दोन आठवडे थांबा म्हणाले. नवव्या दिवशी ती गेली.